दिल्लीला मुलं न्यायची तर यादी आधी निम्मी करा

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावची मराठी माध्यमाची शाळा, आठवी-नववीची चाळीसेक मुलं, दिल्लीत पूर्ण तीन दिवस, आणि सहल कंपनीनं दिलेली चौदा ठिकाणांची यादी. त्यात वर एक धावतं आग्रा. यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं आणि मुलांना सांभाळायचं कसं?

मी इतिहास शिकवतो आणि बरीच वर्षं शाळेच्या सहलींबरोबर जातो, दिल्लीलाही गेलोय. माझं मत स्पष्ट सांगतो. चौदा ठिकाणं म्हणजे मुलं तीन दिवस बसमध्ये बसणार, उतरणार, ग्रुप फोटो काढणार आणि परत चढणार. घरी आल्यावर त्यांना कुठला घुमट कुठला होता हेही आठवणार नाही. दिल्लीची खरी गंमत अशी की आपल्या मुलांनी सातवी-आठवीच्या पुस्तकात जे वाचलेलं असतं, त्यातलं निम्मं तिथे प्रत्यक्ष घडलेलं आहे. तेव्हा ठिकाण निवडताना एकच कसोटी लावा: इथे उभं राहून मुलाला त्याच्या पुस्तकातलं, त्याच्या जिल्ह्यातलं काही सापडेल का? सापडत असेल तर दोन तास द्या. नसेल तर कितीही प्रसिद्ध असलं तरी सोडा.

या कसोटीवर आग्रा सुटतं, कारण जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. अक्षरधाम सुटतं, कारण मोबाईल, पिशव्या जमा करणं आणि रांगा यातच अर्धा दिवस संपतो. लोटस टेंपल आणि बाजारातली खरेदी दोन्ही सुटतात. कुतुबमिनारही मी सोडतो. मुलं नाराज होतील, पण तो शहराच्या दक्षिण टोकाला आहे आणि तीन दिवसांत बसत नाही. चौथा दिवस मिळाला तर मात्र जरूर जा, आणि तिथल्या लोहस्तंभावरचा ब्राह्मी लेख मुलांना दाखवा. दीड हजार वर्षांहून जुना तो खांब अजून गंजलेला नाही, यावर विज्ञानाच्या शिक्षकांना बोलायला भरपूर आहे.

आता काय ठेवायचं ते.

लाल किल्ल्याला पूर्ण सकाळ द्या. बहुतेक सहली लाहोरी दरवाज्यातून आत शिरतात, छत्ता चौकातल्या दुकानांत अडकतात आणि तासाभरात बाहेर पडतात. तुम्ही मुलांना सांगून ठेवा की खरेदी परतताना, तीही पंधरा मिनिटं. आत गेल्यावर थेट दिवाण-ए-खासपर्यंत, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराच्या दालनापर्यंत, चालत जा आणि समोरच्या हिरवळीवर मुलांना बसवा. या एका जागेवरून निदान दोनशे वर्षांचा इतिहास सांगता येतो.

शहाजहाननं हा किल्ला १६३९ ते १६४८ च्या दरम्यान बांधून घेतला, हे मार्गदर्शक सांगेलच. त्यानंतरचं तुम्ही सांगा. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता, तेव्हा याच दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली गेली. साधारण ९ लाख रुपये झाले. पाच महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. मुलांना पानिपत ठाऊक असतं, विश्वासराव आणि भाऊसाहेब ठाऊक असतात, पण समोर दिसतंय त्याच दालनाच्या छताची चांदी त्या मोहिमेच्या पोटापाण्यासाठी गेली हे ऐकल्यावर ती मान वर करून बघायला लागतात. पुष्कळ शिक्षक हा प्रसंग टाळतात, आपल्या माणसांनी असं केलं कसं सांगायचं म्हणून. सांगाच. पगार थकलेली फौज घेऊन हजार-दीड हजार किलोमीटरवर लढणं म्हणजे काय, हे मुलांना त्यातूनच कळतं.

पुढचा भाग मात्र आपल्या मुलांना फारच कमी माहीत असतो. पानिपतानंतर जेमतेम दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. इंग्रजांच्या आश्रयाला अलाहाबादेत राहिलेल्या शाहआलम बादशहाला महादजी शिंद्यांनी परत आणलं आणि १७७२ च्या जानेवारीत तो या किल्ल्यात आला. १७८८ मध्ये गुलाम कादिरनं किल्ल्यात शिरून त्याच बादशहाचे डोळे काढले. पानिपतात आपल्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या नजीबखानाचा हा नातू. महादजींच्या फौजेनं दिल्ली परत घेतली आणि गुलाम कादिरला पकडून ठार केलं. नंतर ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजला लॉर्ड लेकनं शिंद्यांच्या फौजेला हरवलं आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. म्हणजे इंग्रजांनी दिल्ली मोगलांकडून घेतली असं जे सर्रास बोललं जातं, ते अर्धवट आहे. बादशहा मोगल होता, पण दिल्ली राखणारी फौज शिंद्यांची होती. आठवीची मुलं हे ऐकून उठून प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवा.

मग १८५७. उठाव मोडल्यावर बहादूरशहा जफरवर खटला चालला तो याच दिवाण-ए-खासमध्ये, आणि त्याला रंगूनला पाठवलं गेलं. इंग्रजांनी आतले बरेच महाल पाडून लष्करी बराकी उभ्या केल्या. किल्ल्यात मोगल वास्तूंच्या पलीकडे त्या दुमजली, रूक्ष इमारती दिसतात, त्या याच. मुलांना दोन्हींची बांधणी शेजारी-शेजारी बघायला लावा. आणखी जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९४५ च्या नोव्हेंबरात, आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लों या अधिकाऱ्यांवर इथेच खटला उभा राहिला. बचाव भुलाभाई देसाईंनी केला. किल्ल्यातलं नेताजींचं संग्रहालय हाच धागा पुढे नेतं, ते चुकवू नका. आणि बाहेर पडताना तटाकडे बोट दाखवून सांगा की नेहरूंनी इथे पहिल्यांदा झेंडा फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ ला, १५ ला नव्हे.

लाल किल्ल्याच्याच उत्तरेला, सिव्हिल लाइन्स भागात, २६ अलीपूर रोड आहे. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर या पत्त्यावर राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं महापरिनिर्वाण इथेच झालं. आता तिथे उघड्या पुस्तकाच्या आकाराची स्मारकाची इमारत आहे, ती २०१८ मध्ये खुली झाली. सहल कंपन्यांच्या यादीत हे ठिकाण बहुधा नसतंच, तुमच्याही यादीत नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या शाळेनं ते वगळणं मला पटत नाही. चैत्यभूमी बघितलेली मुलं तुमच्या वर्गात असतीलच. दिल्लीहून पार्थिव विमानानं मुंबईला कसं गेलं, दादरला अंत्यसंस्काराला केवढा जनसागर लोटला, हे त्यांच्यापैकी एखाद्याला सांगू द्या. दुपारी दोन तास पुरतात.

दुसरा दिवस मध्य दिल्लीचा. सकाळी तीस जानेवारी मार्गावरची गांधी स्मृती. आयुष्यातले शेवटचे १४४ दिवस गांधीजी या घरात राहिले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची वाट पावलांच्या ठशांनी दाखवली आहे. मुलं आपोआप त्या ठशांच्या बाजूनं चालतात, काही सांगावं लागत नाही. राजघाट सगळे दाखवतात, पण मुलांना समजतं ते इथे. मारेकरी पुण्याहून आलेला होता, हे एखादा मुलगा विचारेलच. प्रश्न झटकू नका आणि लांबणही लावू नका, जे घडलं ते सरळ सांगा.

तिथून बसनं जंतरमंतर, आणि बरोबर बाराच्या आसपास पोचा. सवाई जयसिंगानं १७२४ च्या सुमारास उभारलेली ही वेधशाळा. आजूबाजूच्या उंच इमारतींमुळे यंत्रांवरचं वाचन आता नीट होत नाही, आणि मार्गदर्शक आकडे सांगून मोकळे होतात. म्हणून मी मुलांकडून साधा प्रयोग करून घेतो. मोकळ्या जागी एक सरळ काठी उभी धरायची आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. सावली सगळ्यांत आखूड होते तेव्हा खरी मध्यान्ह. फेब्रुवारीत दिल्लीत ती घड्याळाच्या बाराला होत नाही, साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. का? भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, दिल्ली ७७ अंशांच्या थोडी पुढे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे २१ मिनिटं तिथेच गेली. उरलेली १४ मिनिटं पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे आणि लंबवर्तुळाकार कक्षेमुळे, त्या महिन्यात सूर्य मागे पडतो म्हणून. मग विचारा, आपल्या गावात किती फरक पडेल? पुण्याच्या आसपास नुसत्या रेखांशाचाच फरक सुमारे ३५ मिनिटं येतो. भूगोलाच्या पुस्तकातला जो धडा मुलं पाठ करतात, तो इथे त्यांच्या हातच्या खडूतून निघतो. समोरचं सम्राट यंत्र म्हणजे याच काठीचं अवाढव्य रूप आहे, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

जेवायला बंगला साहिब गुरुद्वारा. जंतरमंतरपासून पंधरा-वीस मिनिटांची चाल. डोकं झाकायला प्रत्येकाकडे रुमाल असू द्या. चपला जोडाघरात द्यायच्या, पाय धुऊन आत जायचं. लंगरमध्ये मुलं पंगतीत बसतात, आणि सेवादारांना विचारलं तर पोळ्या वाढायला किंवा ताटं धुवायला हात लावू देतात. आधी वाढायला, मग जेवायला, असा क्रम ठेवा.

आणि या जागेचा आपल्याशी काय संबंध, ते जेवण झाल्यावर सरोवराच्या काठी सांगा. हा मूळचा मिर्झाराजा जयसिंगाचा बंगला. शिखांचे आठवे गुरू हरकिशन १६६४ मध्ये इथे उतरले होते. आणि पुढच्याच वर्षी, १६६५ मध्ये, हाच मिर्झाराजा दख्खनेत उतरला, पुरंदरला वेढा पडला, मुरारबाजी पडले, शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. १६६६ मध्ये आग्र्याला महाराजांची हमी घेणारा रामसिंग हा याच मिर्झाराजाचा मुलगा. आणि तासाभरापूर्वी जिथे काठीच्या सावल्या मोजल्या, ते जंतरमंतर बांधणारा सवाई जयसिंग याच घराण्यातला. पुरंदरचा तह चौथीपासून ऐकणाऱ्या मुलांना, त्या माणसाच्या दिल्लीतल्या अंगणात आपण आत्ता वरण-पोळी जेवलो हे कळतं, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. दिल्लीत माझ्या मते मराठी मुलांसाठी याहून चांगली दुपार नाही.

संध्याकाळ इंडिया गेट आणि राष्ट्रीय समर स्मारक यांची. दोन्ही शेजारी-शेजारी आहेत आणि दोन्ही एकत्रच समजतात. १९३१ मध्ये पूर्ण झालेलं ४२ मीटर उंचीचं इंडिया गेट हे पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात साम्राज्यासाठी पडलेल्या हिंदी सैनिकांचं. २०१९ मधलं समर स्मारक स्वतंत्र भारतासाठी पडलेल्यांचं. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत एक संगमरवरी पाटी असते, १९१४-१९ च्या युद्धाला या गावातून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत, हे सांगणारी. बहुतेक वेळा ती चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत असते आणि कुणी वाचत नाही. तुमच्या परिसरात अशी पाटी असेल तर सहलीआधी मुलांना ती शोधून वहीत उतरवायला सांगा. मग इंडिया गेट नुसतं फोटोचं ठिकाण राहत नाही.

समर स्मारकाच्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. इथे मुलांना मोकळं सोडलं की ती पाच मिनिटांत कंटाळतात, म्हणून तयारी गावातूनच करून न्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आपल्या तालुक्यातल्या शहिदांची नावं, त्यांची पलटण आणि वर्ष घ्या. प्रत्येक गटाला दोन-दोन नावं द्या आणि भिंतीवर शोधायला लावा. तिथल्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारलं तर मदत मिळते. शोधत-शोधत मुलं मराठा लाइट इन्फन्ट्रीची नावं वाचायला लागतात, आडनावं ओळखीची निघतात. परम योद्धा स्थळावर २१ परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. तिथे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्यासमोर थांबा. कारवारकडचा हा अधिकारी, १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग गोळीबारात काढत रणगाड्यांना वाट करून देणारा. संध्याकाळच्या समारंभापर्यंत थांबता आलं तर थांबाच, शहिदांचे नातेवाईक पुष्पचक्र वाहायला येतात.

तिसरा दिवस संसदेच्या परवानगीवर अवलंबून ठेवा. तुमच्या खासदारांच्या कार्यालयाला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, मुलांची यादी आणि आधारच्या प्रती आताच द्या. मिळेल तो दिवस घ्या आणि बाकीचे दोन त्याभोवती फिरवा. जुनी इमारत, म्हणजे आताचं संविधान सदन, १९२७ ची. तिच्या मध्यवर्ती सभागृहात संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे नाव मुलांना माहीत नसतं, ते सांगा. उरलेल्या वेळात हुमायूनची कबर. संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहिलेली मुलं चारबागेची मांडणी लगेच ओळखतात, आणि १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा इथूनच पकडला गेला असल्यानं लाल किल्ल्याची गोष्ट इथे पूर्ण होते. परवानगी नाहीच मिळाली तर हा दिवस हुमायूनची कबर आणि राष्ट्रीय संग्रहालयातलं हडप्पा दालन यांना द्या.

सोमवार लक्षात ठेवा. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती ही सोमवारी बंद असतात. जंतरमंतर, हुमायूनची कबर, बंगला साहिब आणि समर स्मारक उघडी असतात. अलीपूर रोडचा सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

महिना फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत सहली काढायची पद्धत आहे, पण दिल्लीत नोव्हेंबरची हवा दम्याच्या मुलांना त्रास देते, डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात गाड्या तासन्‌तास रखडतात आणि २६ जानेवारीच्या आधी संचलनाच्या सरावासाठी कर्तव्य पथाचा परिसर बंद होतो. फेब्रुवारीतही सकाळी चांगली थंडी असते, स्वेटर सक्तीचा करा. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. शैक्षणिक सहलीच्या सवलतीचा अर्ज आणि सगळ्यांना एकत्र डबा मिळावा याचा अर्ज, दोन्ही त्याआधी स्टेशनवर देऊन ठेवा. शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी हातात आल्याशिवाय सहल कंपनीला आगाऊ रक्कम देऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, त्यासाठी प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स एका फाइलमध्ये ठेवा.

सांभाळण्याबद्दल. दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि निम्म्या तरी बाई हव्यात. गट तीन दिवस तोच. गळ्यातल्या ओळखपत्रावर बाहेरच्या बाजूला शाळेचं नाव आणि शिक्षकांचा नंबर असू द्या, मुलाचं नाव आतल्या बाजूला. अनोळखी माणूस नावानं हाक मारू शकत नाही. मेट्रोनं मुलांना एकदा तरी न्याच, पण सकाळी दहानंतर. पहिला डबा फक्त बायकांचा असतो, म्हणून मिश्र गटानं मधल्या डब्यांकडे उभं राहायचं. एका दारातून एकच गट, शिक्षक शेवटी. दार लागलं आणि कुणी फलाटावर राहिलं तर त्यानं तिथेच थांबायचं, हलायचं नाही, शिक्षक पुढच्या स्टेशनवरून परत येतील. उलट एखादा एकटाच पुढे गेला तर पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं. हे निघण्याआधी शाळेच्या पटांगणात दोन रेघा आखून करून घ्या, तोंडी सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही.

अरुंद जिना, बावडीच्या पायऱ्या, कठडा नसलेली गच्ची यांवर मुलांना नेऊ नका, बाकीचे लोक जात असले तरी. ४ डिसेंबर १९८१ ला कुतुबमिनारच्या जिन्यात दिवे गेले आणि चेंगराचेंगरीत ४५ जीव गेले, त्यात बहुतेक सहलीला आलेली शाळेची मुलं होती. मिनारचा जिना तेव्हापासून बंद आहे.

मुलींचं एक लक्षात ठेवा. स्वच्छतागृहाची खात्री नसली की त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. रोज सकाळी बाईंनी त्यांना सांगावं की आज कुठे-कुठे आणि किती वाजता सोय आहे. लाल किल्ला, समर स्मारक आणि गुरुद्वारा इथे सोय होते. सॅनिटरी पॅडची पिशवी बाईंजवळ असावी आणि ते मुलींना आधीच माहीत असावं.

तुमच्या यादीतली सहा-सात नावं आजच खोडून कंपनीला पाठवा. गाडीचे किलोमीटर कमी झाले की भाडंही कमी करून मागा. त्या पैशांत ज्या दोन-तीन मुलांचे पालक वर्गणी भरू शकत नाहीत, ती मुलं बसतात. खासदारांच्या कार्यालयाचं पत्र मात्र त्याच्याही आधी, कारण त्याचं उत्तर यायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.